पंखा : एक

आण्णांच्या काळजाचं ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं. बाराव्या दिवशी ते घरी आले, तेराव्या दिवशी भाकरी कडक झाल्याची तक्रार त्यांनी केली, आणि माणूस बरा झाला हे घरानं ओळखलं.

आता हे झालंच नाही असं धरून चालायचं. कारण तालुक्याच्या कचेरीत, दवाखान्याच्या फायलीत किंवा आरोग्य खात्याच्या कुठल्याही कपाटात आण्णासो बाळू शिंत्रे, वय अठ्ठावन्न, यांच्या छातीला कुणी हात लावल्याची नोंद नाही. कागदावर त्यांना साधा खोकलासुद्धा झालेला नाही. आणि शिंत्र्यांच्या घरात कागदाला मान असतो. दोघा भावांच्या वाटणीचा कागद बारा वर्षं देवघरात होता, दसऱ्याला त्यालाही झेंडूचं फूल मिळायचं. तेव्हा आपणही कागदाचं ऐकू आणि २००३ सालच्या एक मेच्या सकाळी परत जाऊ. त्या सकाळी आण्णांच्या काळजाच्या तीन नळ्या तुंबलेल्या होत्या, डॉक्टरनं महिन्याची मुदत दिली होती, आणि उचगावाला चिकटलेलं आमचं गाव मारुतीच्या देवळापुढं ग्रामसभेला बसलं होतं. आण्णांना गरीब ठरवायला.

गरीब ठरणं भाग होतं. सरकारची योजना चांगली होती. काळजाचं ऑपरेशन फुकट, मोठ्या खाजगी दवाखान्यात, सरकारी खर्चानं. अट एकच, रेशन कार्ड पिवळं पाहिजे. आण्णांचं केशरी होतं. केशरी माणसाचं काळीज स्वतःच्या हिमतीवर चालतं, असं कुठंतरी वर ठरलं होतं.

"विषय क्रमांक सात," ग्रामसेवकानं वाचलं. "आण्णासो बाळू शिंत्रे हे गरीब असल्याबाबत."

सभेतल्या माना वर झाल्या. आण्णांबद्दल असं उघड बोलायची गावात आजवर कुणाची छाती झाली नव्हती.

आण्णांचा एकुलता एक मुलगा जोतीराम उठला. चार दिवस त्यानं भाषण पाठ केलं होतं. ते सगळं विसरून तो म्हणाला, "माझं वडील गरीब हाईत."

"कवापास्नं?" मागनं कुणीतरी विचारलं.

"पैल्यापास्नं."

"मग आमाला कसं म्हाईत न्हाई?"

"त्येंनी कळू दिलं न्हाई."

"आन आता तू सांगालाईस व्हय? बापाची अब्रू चव्हाट्यावर काढायला हुबारलंय बगा पोरगं!"

जोतीराम कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कंत्राटी कामगार होता. पगारातनं विम्याचा हप्ता कापला जायचा, पण विम्याचं कार्ड गेली तीन वर्षं छापायला गेलेलं होतं. हे त्यानं सभेला सांगायचा प्रयत्न केला. सभेला त्यातलं पंचतारांकित तेवढं ऐकू आलं.

मग ज्ञानू उठला. ज्ञानू म्हणजे आण्णांचा तालमीतला जोडीदार. दोघांनी चाळीस वर्षांपूर्वी एकमेकांचे कान मोडले होते, तेव्हापासून जिवाभावाची मैत्री होती.

"आण्णा गरीब?" ज्ञानूनं टोपी काढून हातात घेतली. "माझ्या पोरीच्या लग्नात जिलेबी कुणी वाढली? आण्णानं. ताटात एकेकाच्या सा-सा! गरीब माणूस चौथीलाच हात आखडतोय."

"जिलेबी तुमची होती, ज्ञानूआप्पा," जोतीराम म्हणाला.

"वाढायला काळीज लागतंय की!"

"त्येच तुंबलंय न्हवं!"

पण टाळ्या पडल्या होत्या. एकेक जण उठत गेला. आण्णांनी कुणाच्या विहिरीत पडलेली म्हैस काढली होती, कुणाच्या म्हातारीला पाठीवर घेऊन सरकारी दवाखान्यात नेलं होतं. एकानं तर असं सांगितलं की आण्णा नुसते वाटेनं चालले तरी गाव श्रीमंत वाटतं. जोतीरामाला कळेना, माणसं एवढ्या प्रेमानं बापाला मारायला का उठलीत.

"माझं एक म्हणणं हाय," कोपऱ्यातला एक म्हातारा म्हणाला. "आजारी पडल्यावर समदीच गरीब. मग कार्डाला रंग कशाला?"

"असं केलं तर समदंच आजारी पडतील की, काका!"

"मग आता काय समदी बरी हाईत?"

या मुद्द्यावर सभेत दोन तट पडले. अर्धा तास वाद झाला. सरकारनं कार्डं रंगवण्यापेक्षा दवाखाने रंगवावेत असं एक मत पडलं. दवाखाने रंगवूनच ठेवलेत, डॉक्टर ठेवायचे राहिलेत, असं दुसरं. शेवटी ग्रामसेवकानं घड्याळ बघितलं. "आण्णा गरीब नाहीत असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा."

सगळे हात वर झाले. जोतीरामानं मागं वळून बघितलं. पिंपळाच्या पाराला टेकून, दम लागल्यामुळं तोंड उघडं टाकून आण्णा बसले होते. त्यांचाही हात वर होता.

*

"येवढी माणसं माझ्याबद्दल चांगलं बोलाल्यात," घरी आल्यावर आण्णा म्हणाले, "आन मी हात खाली ठिवून बसू? काय वाटंल लोकास्नी?"

"तुमच्या तेराव्याला येवून ह्येच बोलतील ती!" जोतीरामानं चप्पल कोपऱ्यात फेकली.

"बोलू देत. चांगलंच बोलतील."

परड्यात जांभळाखाली सगळे बसले होते. परडं म्हणजे आता अर्धं परडं. मधोमध डोक्याएवढी भिंत, पलीकडचं अर्धं धाकट्या भावाचं, गुंडूचं, म्हणजे जोतीरामाच्या तात्यांचं. एक्क्याण्णव साली वाटणी झाली तेव्हा सगळ्याचे दोन भाग झाले. फक्त आईच्या तांब्याच्या बंबाचा होईना. पाणी तापवायचा बंब, त्याचे दोन कसे करणार? पंचांनी डोकं लावलं. बंब आण्णांना दिला आणि बंबाची पितळी तोटी गुंडूला. तेव्हापासून आण्णांच्या बंबाला लाकडाची खुट्टी ठोकलेली होती आणि गुंडूकडं जगात कशालाच न बसणारी एक तोटी होती. दोघे भाऊ बारा वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते.

शालूबाई नवऱ्याच्या, आण्णांच्या पाठीमागं बसून पदरानं वारा घालत होती. वारा घालता घालता तिचा हात थांबला. पाच वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट तिच्या घशाशी आली होती.

"जोत्या," ती म्हणाली, "आपलं कार्ड केशरी माझ्यापायी झालंय."

ती सांगायला लागली तशी सून, अनुजा, हातातलं सूप खाली ठेवून जवळ आली. अनुजा अंगणवाडीची सेविका होती. सरकारची कुठलीही यादी कशी होते हे तिला आतून माहीत होतं, त्यामुळं तिला कशाचंच आश्चर्य वाटत नसे. आज वाटलं.

पाच वर्षांपूर्वी चैत्रात गरिबांची मोजणी करणारा माणूस गावात आला. गुंडूचं सगळं घर जोतिबाच्या यात्रेला गेलेलं. आण्णा रानात, शालूबाई एकटी घरी. दारात घामानं निथळणारा पावणा उभा. त्याला बसायला घोंगडं टाकलं, गूळपाणी दिलं, शिरा टाकला. तरी पावण्याचा घाम खळेना. घरात पंखा नव्हता. पंखा होता गुंडूच्या घरात. आणि गुंडूच्या घराची किल्ली होती शालूबाईच्या कनवटीला, कारण नवरे बोलत नसले तरी जावा बोलत होत्या, फक्त हळू.

"मग म्या त्येंच्या घरातला टेबलफॅन आणला," शालूबाई म्हणाली. "पावण्याला तीन नंबरवर लावून दिला. त्यो म्हणाला, आज्जी, लई बरं वाटलं बगा. आन वहीत कायतरी लिवलं."

"पंखा, एक," अनुजा म्हणाली.

"दोन येळ जेवता का म्हणून इचारलं त्येनं. म्या म्हणलं, तीन येळ, आन आल्यागेल्याबर चौथ्यांदा. पावण्याम्होरं काय सांगायचं, उपाशी झोपतो म्हणून?"

"आन तात्यांच्या घरात?"

"कुलूप होतं. खिडकीतनं डोकावला. पंखा न्हाई म्हणाला."

त्या वर्षी पंखा असलेल्या माणसाला गरीब धरत नव्हते. अशा रीतीनं गुंडूच्या पंख्यानं आण्णा श्रीमंत झाले आणि गुंडू, ज्याच्याकडं चार म्हशी, रंगीत टीव्ही आणि तो पंखा होता, दारिद्र्यरेषेखाली गेला. पिवळं कार्ड घरी आलं तेव्हा गुंडूनं ते उलटसुलट करून बघितलं आणि सरकार देतंय तर नको कशाला म्हणून ठेवून घेतलं.

आण्णांनी सगळं ऐकून घेतलं. वर जांभळाकडं बघत ते म्हणाले, "शिरा तरी चांगला झालता का?"

"झालता."

"मग बास. पावणा जेवून गेला. काय चुकलं न्हाई तुझं."

शालूबाईनं पदर डोळ्याला लावला. अनुजाला मात्र राग आला होता. सरकारवर, शिऱ्यावर आणि सासऱ्याच्या या थंडपणावर.

"मग असं करा की, मामा," ती फणकारली. "तात्यास्नीच न्या ऑपरेशनला! कार्ड त्येंचं पिवळं, नळ्या तुमच्या तुंबल्यात. त्येंच्या नावानं तुमास्नी फाडा, झालं!"

ती टोमणा मारून मोकळी झाली. पण जोतीराम तिच्याकडं असा बघत होता, जणू तिनं आत्ता दवाखान्याची दारं उघडली.

"मी गमतीनं बोलले," अनुजा म्हणाली.

"तोंडं सारखीच हाईत दोघांची," जोतीराम हळूच म्हणाला.

"अवो, मी गमतीनं बोलले! खोटं हाय ते. माझी नोकरी हाय सरकारी. तात्यांची कुटुंबपत्रिका माझ्याच रजिस्टरात हाय!"

"मग तर बरंच झालं की."

"मला इचारलंय का कुणी?" आण्णा गरजले. गरजल्यामुळं त्यांना दम लागला आणि पुढचं बोलणं तीन हप्त्यांत आलं. "गुंड्याच्या नावानं... जगू व्हय मी? त्यापरास... मरतो की माझ्या सोताच्या नावानं!"

भिंतीपलीकडं म्हशीच्या धारा काढण्याचा आवाज कधीचा बंद पडला होता.

*

भिंतीपलीकडं गुंडू बादली धरून उभा होता. ग्रामसभेत त्यानंही हात वर केला होता. सगळ्यांनी केला म्हणून केला, पण खरं म्हणजे आण्णा गरीब आहे असं म्हणायची त्याला लाज वाटली होती. थोरला गरीब, तर धाकटा कोण? हात खाली घेताना त्याची नजर पाराकडं गेली आणि तिथं आण्णाचाही हात दिसला. बारा वर्षांत दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं आणि त्यातनं आण्णाचा जीव जाणार होता.

त्याच्या शेजारी त्याची बायको तानाबाई कंबरेवर हात ठेवून उभी होती. ती काय बोलणार हे त्याला माहीत होतं. तानाबाईनं पायाखाली पाटा ओढला, त्यावर चढली आणि भिंतीवरनं तोंड काढलं.

"आन काय इपरीत झालं तर?"

अलीकडं सगळ्यांनी वर बघितलं.

"टेबलावरच काय कमीजास्त झालं," तानाबाई म्हणाली, "तर कागदावर कोण जाईल? आमचं मालक! हितं ते म्हशी पिळाल्यात, आन तितं त्येंच्या नावाचा दाखला! धडधाकट नवऱ्याम्होरं मी मोकळं कपाळ करून हिंडू? सात-बारा, डेअरीचं खातं, समद्यावर वारस म्हणून मी? आन आक्का, तुमी काय करणार? तुमचं मालक तर कागदावर जितं. तुमास्नी रडायला बी मुभा न्हाई."

जोतीरामानं मान खाली घातली. अनुजा पुटपुटली, "मी म्हणालेच हुते." आता दोघी सरकारच्या बाजूला होत्या आणि बापलेक एकमेकांच्याही बाजूला नव्हते.

शालूबाईनं ह्याचा विचार केलाच नव्हता. ती उठली, भिंतीजवळ गेली. तिचं डोकं भिंतीच्या वर पोचत नव्हतं. जावेच्या तोंडाकडं खालून बघत ती म्हणाली, "ताने, दवाखान्यात बायको म्हणून आंगठा मीच उठवणार. तुझ्या नावानं. तितं मीच तानाबाई. वाईट झालं तर मी तुझ्या नावानं रडीन. तू आपली कुकू लावून बस."

तानाबाईनं कपाळाच्या कुंकवाला हात लावला.

"आन ताने, त्यो पंखा..."

"म्हाईत हाय मला."

"काय म्हाईत हाय?"

"यात्रेतनं आलो तवा पंखा भिताडाकडं तोंड करून बसल्याला. बटनाला तूप लागलंय, तीन नंबरावर. तुमचा शिरा मला कळत न्हाई व्हय?" तानाबाईनं नाक ओढलं. "कार्ड पिवळं का आलं ते म्या त्याच दिशी वळखलं. म्हणून तर दर महिन्याला रॉकेलची बाटली ह्या भितीवरनं देतो न्हवं? तुमास्नी काय वाटलं, आमच्यात लई झालंय म्हणून?"

गुंडूनं बायकोकडं बघितलं. दर महिन्याला रॉकेल कमी का भरतं म्हणून तो पाच वर्षं रेशन दुकानदाराशी भांडत आला होता.

तानाबाई पाट्यावरनं उतरली. "जावा," ती नवऱ्याला म्हणाली. "कार्ड ट्रंकेत हाय. तितं नवऱ्याचं नाव घ्यायला लागतंय, मला जमलं नसतं. आक्कास्नी काय, तुमी परकं पुरुष. घेतील मोठ्यांदा."

*

भिंतीत दार नव्हतं. गुंडू रस्त्यानं वळसा घालून, बारा वर्षांनी थोरल्याच्या उंबऱ्यातनं आत आला. हातात पिवळं कार्ड, पिशवीत घडी घालून. आण्णा त्याच्याकडं न बघता म्हणाले, "कोण आलंय?"

"गुंडू बाळू शिंत्रे," गुंडू म्हणाला. "तुमी कोण?"

कुणालातरी हसू आलं, पण कुणाला ते कळलं नाही.

अनुजा अडून बसली होती. आता म्हणाली, "माझी एक अट हाय. ऑपरेशन झालं, मामा बरं झालं, की सरकारला खरं काय ते लिवून कळवायचं. सगळं. पंख्यासकट. मी लिवणार, दोघांनी सह्या करायच्या. कबूल असंल तर मी फाईल करते."

"लिवून कळवल्यावर आत घालतील की," जोतीराम म्हणाला.

"सरकारी कचेरीत अर्ज वाचला गेला तर घालतील," अनुजा म्हणाली. नऊ वर्षांच्या नोकरीचा अनुभव त्या वाक्यात होता. सगळ्यांनी अट मान्य केली, गुंडूच्या हातातल्या कार्डाकडं बघत आण्णांनीसुद्धा.

मग तिनं पोलिओच्या नोंदीची वही उघडली, मागच्या कोऱ्या पानावर रेघ मारली आणि दवाखान्यातल्या बाईसारखं तोंड केलं. "तितं असंच इचारत्यात. नाव?"

"आण्णा—"

"बाद," जोतीराम म्हणाला.

"नाव?"

आण्णांनी गिळलं. "गुंडू. बाळू. शिंत्रे." हे नाव त्यांनी शिवी न जोडता घेतल्याला फार वर्षं झाली होती.

"वय?"

"छप्पन." ते जरा ताठ बसले. "दोन वर्सं वाचली."

"धंदा?"

"म्हशी राखणं आन भावाची तोटी दाबून बसणं."

"मामा!"

"बरं, म्हशी."

"बायकोचं नाव?"

आण्णांनी भिंतीकडं बघितलं. भावजयीचं नाव त्यांनी कधी घेतलं नव्हतं. भिंतीपलीकडनं आवाज आला, "घ्या की, भावजी. मी कानात बोटं घालतो."

"तानाबाई," आण्णा एवढ्या हळू म्हणाले की अनुजानं ते अंदाजानं लिहिलं. तानाबाईनं कानात बोटं घातली नव्हती.

"भाऊ किती?"

"एक. थोरला."

"कसा हाय?" हे गुंडूनं विचारलं.

"असलं काय दवाखान्यात इचारत न्हाईत, तात्या."

"इचारू दे. कसा हाय रं तुझा थोरला?"

"थोरला," आण्णा म्हणाले, "देवमाणूस हाय."

"हे मी जन्मात म्हणणार न्हाई!"

"तू कोण? गुंडू मी हाय. मी म्हणालोय."

"असं व्हय?" गुंडू पुढं सरकला. कट्ट्यावर आण्णांच्या समोर मांडी घालून, छाती पुढं काढून बसला. आण्णा बसायचे तसा. जोतीरामाला हसू यायच्या आत घरातल्या बायकांच्या लक्षात आलं की तोंडंच नव्हे, दोघांच्या मांड्यासुद्धा सारख्या आहेत. "मग मी आता आण्णा. थोरला म्हणून इचारतो. गुंड्या, तोटी का नेलीस?"

आण्णांनी तोंड उघडलं आणि मिटलं. जोतीराम पुढं व्हायला लागला, त्याला वाटलं कळ आली. शालूबाईनं त्याला हातानं मागं ओढलं.

"वाटणी झाली," आण्णा सावकाश म्हणाले. शब्द शोधत होते, दुसऱ्याच्या घरात अंधारात दिव्याचं बटन शोधावं तसे. "बंब थोरल्याकडं गेला. आयेचा बंब. मला म्हणले, तोटी घे. तोटीचं काय करू मी? पर घेतली. म्हणलं, थोरला न्हायला पाणी तापवंल. तोटी लागंल. मागायला तरी माझ्या दारात यील."

गुंडूचा चेहरा उतरला. ही गोष्ट त्यानं तानाबाईलासुद्धा सांगितली नव्हती.

"मग?" तो म्हणाला. "आलता का थोरला?"

"न्हाई आला. त्येनं खुट्टी ठोकली."

जांभळावर कावळा बसला आणि उडाला. आण्णा स्वतःच्या उघड्या छातीकडं बघत होते. "लई गाढाव हाय त्यो," ते म्हणाले, अजून गुंडू म्हणूनच.

"धाकटं बी काय शाणं न्हाई," गुंडू म्हणाला, अजून आण्णा म्हणूनच. त्यानं खिशात हात घातला आणि पितळी तोटी काढून कट्ट्यावर ठेवली. चिंचेनं घासलेली होती. बारा वर्षं दर दिवाळीला घासली असावी, नाहीतर एवढी चमकली नसती.

जोतीरामानं लगेच ती बंबाला लावून बघितली. बसेना. खुट्टी ठोकून ठोकून भोक मोठं झालं होतं. शेवटी सुतळी गुंडाळून बसवली. ती अजूनही ठिबकते आणि कुणी दुरुस्त करत नाही.

"वय?" अनुजानं पुन्हा सुरुवात केली, कारण फाईल उद्याच द्यायची होती.

पुढचं काही झालं नाही, हे आधीच सांगितलं आहे. अनुजानं मात्र अट सोडली नाही. दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत आण्णा अजून श्रीमंतच आहेत याची गावानं पुन्हा खात्री करून घेतली, आणि त्याच दुपारी पोलिओच्या वहीतलं पान फाडून तिनं अर्ज लिहिला. दोघांनी जांभळाखाली बसून सही केली. पोच मिळालेली आहे.

*

प्रति,
मा. अधिकारीसाहेब, आरोग्य योजना विभाग, यांचे सेवेशी.

अर्जदार : आण्णासो बाळू शिंत्रे व गुंडू बाळू शिंत्रे, सख्खे भाऊ.

विषय : दोन इसम एकच समजणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्ज करण्यास कारण की, सन १९९८ चे सर्वेक्षणात अर्जदार क्र. १ यांचे घरी आढळलेला पंखा हा अर्जदार क्र. २ यांचा असून तो पाहुण्यास उकडत असल्याने तात्पुरता आणलेला होता. त्यामुळे अर्जदार क्र. १ हे श्रीमंत ठरले व अर्जदार क्र. २ हे गरीब. पुढे अर्जदार क्र. १ यांच्या काळजावर अर्जदार क्र. २ यांचे नावे आपल्या कृपेने शस्त्रक्रिया झाली, त्याबद्दल शासनाचे आभार. सदर कृत्य नियमात बसत नाही याची आम्हास जाणीव आहे. बसण्यासाठी आम्ही प्रथम ग्रामसभेत गेलो होतो.

तथापि आता अडचण अशी की, आपल्या कार्यालयाकडून तपासणीस आलेल्या परिचारिकेने अर्जदार क्र. २ यांची छाती पाहिली असता तीवर टाके आढळले नाहीत, व तिने "रुग्ण अपेक्षेपेक्षा फारच बरा" असा शेरा मारला आहे. तसेच हृदयरुग्ण असल्याने त्यांना पाचव्या म्हशीचे कर्ज नाकारण्यात आले. उलट अर्जदार क्र. १ यांना रात्री छातीत दुखल्यास त्यांनी कोणत्या नावाने दवाखान्यात जावे हे घरात ठरत नाही.

वाटणीचा कागद आम्ही देवघरातून काढून सोबत जोडला आहे, तो रद्द समजावा. यापुढे आम्हा दोघांचे कार्ड एक, रंग आपण ठरवाल तो, काळीज एक व पंखा एक अशी नोंद घ्यावी; आणि आम्हांपैकी जो प्रथम मयत होईल, त्यास दुसरा हयात असेपर्यंत मयत धरण्यात येऊ नये, ही नम्र विनंती.